मैदानाच्या कडेला उभा राहणारा डॉक्टर

(उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील फॅमिली डॉक्टर, क्रीडाशिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात बदलापूरच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आरंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कबड्डी संघातील एक पंधरा वर्षांची मुलगी वडिलांच्या खांद्याचा आधार घेत माझ्या दवाखान्यात आली. चढाई करून परत फिरताना तिचा पाय मातीत रुतला होता आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला होता. तासाभरात गुडघा टम्म फुगला. मी एक्स-रे काढविला. हाड शाबूत होते. वेदनाशामक गोळ्या, क्रेप बँडेज आणि तीन आठवड्यांची विश्रांती सांगून मी मोकळा झालो. चौथ्या आठवड्यात सूज उतरलेली पाहून 'आता खेळायला हरकत नाही' असेही म्हणालो. पुढच्याच सामन्यात तिचा गुडघा पुन्हा निसटला. मग एमआरआय झाला. अस्थिबंध पहिल्याच वेळी तुटला होता. आता गुडघ्यातील गादीही फाटली होती.

पहिली इजा मैदानावर झाली, दुसरी माझ्या अज्ञानामुळे. शस्त्रक्रियेनंतर ती मुलगी चालू-फिरू लागली, शिकली, नोकरीला लागली. परंतु मैदानावर परतली नाही. तिच्या वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. म्हणूनच तो प्रसंग मी विसरू शकलेलो नाही आणि म्हणूनच आज आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम भेटतो तो फॅमिली डॉक्टर

१९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासित सिंधी बांधवांनी उल्हासनगर वसविले. अंबरनाथला शिलाहारकालीन शिवमंदिराच्या छायेत कारखान्यांचे गाव वाढले. बदलापूर तर आपल्या डोळ्यांदेखत शहर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार या तीन शहरांची लोकसंख्या सव्वानऊ लाखांहून अधिक होती. त्यानंतर ती किती फुगली, हे सकाळच्या लोकलची गर्दीच सांगते. या वस्तीत मुले कबड्डी, खो-खो, क्रिकेट, कराटे खेळतात. तरुण पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात. यांपैकी एखाद्याचा पाय मुरगळला, तर तो थेट परळच्या तज्ज्ञाकडे जात नाही. तो आपल्याकडे येतो, नाही तर गरम तेलाने चोळून घ्यायला हाडवैद्याकडे जातो. क्रीडावैद्यकातील पहिला निर्णय आपल्याच हातून होतो. मग आपण तो शिकलेलो असलो वा नसलो!

व्यायाम आणि वैद्यक यांचे नाते आपल्याला नवे नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक आणले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा भारताच्या दोन्ही संघांनी जिंकली, तेव्हा त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे महाराष्ट्राचेच होते. गुणवत्ता आपल्याकडे आहे. ती जपणारा वैद्यकीय हात मात्र गावागावांत पोहोचलेला नाही.

जगाने काय केले

क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटना १९२८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झ येथे स्थापन झाली. ब्रिटनने २००५ मध्ये या शाखेला स्वतंत्र वैद्यकीय विशेषता म्हणून मान्यता दिली. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे फॅमिली मेडिसिनचे शिक्षण पूर्ण केलेला डॉक्टर साधारण एक वर्षाचे विशेष प्रशिक्षण घेतो आणि परीक्षा देऊन क्रीडावैद्यकातील प्रमाणपत्र मिळवितो. ही परीक्षा १९९३ पासून चालू आहे. या व्यवस्थेमागील विचार सोपा आहे. खेळताना होणाऱ्या बहुसंख्य दुखापतींना शस्त्रक्रिया लागत नाही. त्यांना अचूक निदान, योग्य व्यायाम आणि 'पुन्हा केव्हा खेळायचे' याचा निर्णय लागतो. हे काम प्राथमिक डॉक्टर करू शकतो.

आपल्या देशात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत क्रीडावैद्यकाची पदविका दिली जाते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने क्रीडा-दुखापत केंद्र उभे राहिले. या संस्था मोलाच्या आहेत. परंतु तेथून बाहेर पडणारे मोजके तज्ज्ञ राष्ट्रीय संघांना आणि महानगरांना पुरणार. अंबरनाथच्या शाळेच्या मैदानावर ते येतील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

दवाखान्यात उद्यापासून

माझ्या व्यवसायबंधूंना चार गोष्टी सांगतो. यांतील एकीलाही महागडे यंत्र लागत नाही.

पहिली, सांध्यांची तपासणी. दुखापतीनंतर काही तासांत गुडघा फुगला, तर सांध्यात रक्त उतरले आहे असे समजावे आणि एक्स-रे निर्दोष आला तरी खेळाडूला मैदानावर पाठवू नये. गुडघा वीस ते तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी दोन मिनिटांची आहे. ती मला त्या दिवशी येत असती, तर आजची कबुली द्यावी लागली नसती. घोट्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये नियम तयार झाले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखते का, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरील किंवा आतल्या बाजूच्या नौकाकृती हाडावर दुखते का, रुग्ण चार पावले टाकू शकतो का, एवढे पाहिले तरी कोणाला एक्स-रे हवा आणि कोणाला नको हे कळते.

दुसरी, 'फिटनेस सर्टिफिकेट'. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी क्रीडाशिक्षक वीस मुलांचे कागद घेऊन येतात आणि आपण शिक्के मारतो. हे थांबले पाहिजे. धावताना कधी चक्कर वा शुद्ध हरपली का? छातीत दुखते का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अकस्मात गेले का? हे तीन प्रश्न विचारून, रक्तदाब मोजून, स्टेथोस्कोप छातीला लावल्यावाचून सही करू नये. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची हृदयतपासणी सक्तीची केली. तेथील व्हेनेटो प्रांतात त्यानंतरच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. प्रत्येकाचा ईसीजी काढावा की नाही, यावर जगात मतभेद आहेत. प्रश्न विचारावेत, यावर नाहीत.

तिसरी, उष्माघात. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान उमेदवार कोसळले, काहींचा मृत्यू झाला. ती मुले गरीब घरांतली होती आणि नोकरीसाठी जिवाच्या आकांताने धावली होती. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, लडखडला, अंग तापले, तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, बर्फाच्या पाण्याच्या टाकीत बसवा, नाही तर ओल्या चादरी आणि बादल्यांनी भिजवत राहा. पहिला अर्धा तास प्राणाचा असतो.

चौथी, औषधांची चिठ्ठी. आपल्या शेजारच्या विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या फेब्रुवारी २०१९ मधील नमुन्यात टर्ब्युटालिन हे द्रव्य सापडले. दुकानातून घेतलेल्या खोकल्याच्या औषधातून ते अजाणतेपणी गेल्याचा त्याचा खुलासा क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केला. तरीही त्याला आठ महिन्यांची बंदी भोगावी लागली. हेच द्रव्य असलेले कफ सिरप आपण दिवसातून किती वेळा लिहितो, याचा विचार करा. स्पर्धेच्या काळात पोटात घेतलेले प्रेडनिसोलोनही निषिद्ध आहे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांतील मूत्रल द्रव्ये तर कायमच. निषिद्ध द्रव्यांची यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. खेळाडूला औषध लिहिण्यापूर्वी ती पाहणे हे आपले कर्तव्य आहे.

अंबरनाथची संधी

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अंबरनाथचे नाव आहे. आपल्या तीन शहरांच्या इतिहासातील ही मोठी घटना आहे. या महाविद्यालयाच्या साहाय्याने आपल्या भागातील प्राथमिक डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचा, दर रविवारी भरणारा क्रीडावैद्यकाचा वर्ग चालावा, अशी माझी सूचना आहे. सकाळी मैदानावर तपासणी, दुपारी व्याख्यान आणि फिजिओथेरपिस्टबरोबर प्रत्यक्ष काम, असे त्याचे स्वरूप असावे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे नोंदणी टिकविण्यासाठी आपल्याला पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतातच. ते हॉटेलातील जेवणावळीपेक्षा मैदानावर मिळविले, तर काय बिघडले? आमचे आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे बंधूही या भागात मोठ्या संख्येने प्रथमोपचार करतात. प्रथमोपचार, उष्माघात आणि वेळीच पुढे पाठविणे यांचे प्रशिक्षण त्यांनाही मिळाले पाहिजे.

येथे एक सावधगिरी. सहा महिन्यांच्या वर्गाने कोणी तज्ज्ञ होत नाही. पाटीवर 'स्पोर्ट्स स्पेशालिस्ट' लिहिण्याचा मोह टाळावा. आपली मर्यादा ओळखून योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे हेच या प्रशिक्षणाचे पहिले फळ असावे. ज्या तरुण डॉक्टरांना पुढे जायचे आहे, त्यांनी अवश्य पदविका घ्यावी आणि परत यावे.

क्रीडाशिक्षकांना एकच विनंती. सराव सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटांचा शास्त्रशुद्ध तयारीचा व्यायाम सक्तीचा करा. फुटबॉलमध्ये अशा व्यायामक्रमाने दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे अभ्यास आहेत. उडी मारून उतरताना गुडघा आत वळू न देणे, हे मुलींना तर आवर्जून शिकवा. आणि पालकहो, मुलीची मासिक पाळी थांबली, ती सतत थकू लागली, तर 'खेळामुळे होते' म्हणून सोडून देऊ नका. पोटाला पुरेसे मिळत नसल्याची ती खूण असू शकते.

मित्रहो, येथे बसलेल्या प्रत्येक डॉक्टरने एक मैदान दत्तक घ्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. पिशवीत बँडेज, बर्फ, रक्तदाबमापक आणि एक वही असावी. त्या वहीत कोणाला, कशी, केव्हा इजा झाली हे लिहावे. वर्षभरात त्या वहीतून आपल्याच भागाचे शास्त्र तयार होईल.

मी माझे मैदान निवडले आहे. ज्या मैदानावर त्या मुलीचा गुडघा निसटला, तेच. गेली दोन वर्षे मी तेथे दर शनिवारी उभा असतो. मागच्या पावसाळ्यात एका मुलाचा गुडघा फुगला. या वेळी मी त्याला खेळायला परत पाठविले नाही. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठविले. तो आता फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम करतो आहे आणि 'डॉक्टर, केव्हा खेळू?' असे दर शनिवारी विचारतो. त्या प्रश्नाचे अचूक उत्तर देता येण्यासाठी आपण सर्वांनी पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे, एवढेच मागणे मागतो आणि थांबतो.