नाकारलेला दावा म्हणजे शिक्षा नव्हे

सर्व्हेअर, कंपन्यांच्या क्लेम विभागातले अधिकारी आणि विम्याचे खटले चालवणारे वकील एकाच सभागृहात बसण्याचा योग वारंवार येत नाही. त्यामुळे तिघांनाही थोडे बोचेल असे एक विधान करतो. खोटा दावा सापडला की आपण तो नाकारतो, फाईल बंद करतो आणि फसवणूक रोखल्याचे समाधान मानतो. पण ज्याने तो दावा रचला त्याचे आपण नेमके काय बिघडवले? जे पैसे कधी त्याचे नव्हतेच, ते त्याला मिळाले नाहीत, एवढेच. दहा खोट्या दाव्यांपैकी नऊ फेटाळले गेले आणि एक निसटला, तरी त्याचा धंदा फायद्यातच चालतो.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते, कायदाच तोकडा आहे. विम्यातील फसवणूक असे वेगळे कलम जुन्या दंड संहितेत नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही, हे खरे. पण त्याची गरजही नाही. फसवून पैसे उकळण्याला कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. फसवणुकीसाठी बनावट कागद तयार करण्याला कलम ३३६(३) खाली तितकीच. तो कागद खरा म्हणून पुढे करणाऱ्याला कलम ३४० लागते, कटाला ६१, आणि न्यायालयात जाणूनबुजून खोटा दावा लावणाऱ्याला २४६. रक्कम हाती पडण्याआधीच डाव उघडा पडला तरी प्रयत्नाचा गुन्हा शिल्लक राहतोच. सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला फौजदारी कायद्यातल्या मुदतीची आडकाठीही नाही, तेव्हा प्रकरण जुने झाले ही सबब चालण्यासारखी नाही. कलमे भरपूर आहेत, पोलीस ठाण्याची पायरी चढणारा फिर्यादी मात्र सापडत नाही.

फिर्यादी नसला की काय होते हे उत्तर प्रदेशात दिसले. मोटार अपघाताच्या खोट्या दाव्यांचा तपास करण्यासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमले गेले. त्याच्याकडे १,३७६ संशयास्पद दावे आले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब आला तेव्हा त्यांपैकी जेमतेम २४६ प्रकरणांची चौकशी पुरी झाली होती. पुढे २८ वकिलांना निलंबित केल्याचे बार कौन्सिलकडून जाहीर झाले. अशा दाव्यांची रीत या सभागृहाला नवी नाही. माणूस दगावतो अज्ञात वाहनाच्या धडकेने, कधी तर झाडावरून पडून. मग विमा असलेली एक गाडी शोधली जाते, परवाना असलेला एक चालक उभा राहतो, तक्रार कित्येक दिवसांनी नोंदवली जाते आणि प्रत्यक्षदर्शी अचानक प्रकट होतो. रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीत गाडीचा नंबर नसतो आणि एफआयआरमध्ये तो अक्षरनअक्षर असतो. यात मृताच्या बायकोचा वाटा बहुधा कोऱ्या वकीलपत्रावरच्या अंगठ्यापुरता. आपण दावा फेटाळतो तेव्हा हात हलवत परत जाते ती बाई. साखळीतले बाकीचे पुढच्या दाव्याच्या तयारीला लागतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला निम्म्याहून अधिक मान्य आहे. गुन्हे नोंदवायला लागलात तर सुक्याबरोबर ओले जळेल, आणि कंपन्या तर साध्या चुकीलाही फसवणूक म्हणतात, असे ग्राहकांच्या बाजूने सांगितले जाते. तक्रार खोटी नाही. प्रपोजल फॉर्म एजंटने भरायचा, ग्राहकाने खाली सही करायची आणि दहा वर्षांपूर्वीच्या रक्तदाबाच्या गोळीवरून दावा नाकारायचा, हे घडते. पण कायदा इतका सरसकट नाही. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चुकीची माहिती आणि फसवणूक यांत स्पष्ट फरक करते. फसवणूक नसेल तर पॉलिसी रद्द करतानाही हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. तीन वर्षे उलटल्यावर तर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कोणत्याच कारणाने, अगदी फसवणुकीच्या कारणानेही, बोट ठेवता येत नाही. आपल्यातल्या अनेकांना ही तरतूद खुपते. मला ती योग्य वाटते. चौकशीसाठी तीन वर्षे हाताशी असताना कंपनी झोपून राहिली, तर त्याची किंमत वारसाने का मोजायची? आरोग्य विम्यात साठ महिन्यांनंतरही सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद ठेवला आहे, आणि तिथेही ‘सिद्ध झालेल्या’ या शब्दांवर भर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रकरणात विमेदाराने कंबरेच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते तरी दावा मंजूर करायला लावला, कारण मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि त्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

चूक आणि फसवणूक यांतला हा फरक पीकविम्यातही पाहावा लागतो. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा सुरू झाला आणि शेतकऱ्याचा बाकीचा हिस्सा सरकारने उचलला. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये मिळत होते. मग सरकारी जमिनींवर, बिगरशेती भूखंडांवर, नसलेल्या पिकांवर विमा उतरलेला आढळला आणि २०२५ मध्ये योजनेचे ते रूप गुंडाळावे लागले. अर्ज कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहून गुन्हा नोंदवला तर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. अर्ज कोणत्या लॉगिनवरून भरला गेला आणि पैसे कोणत्या खात्यात जाणार होते, ही दोन उत्तरे आधी हवीत. फसवणुकीत हेतू सिद्ध करावा लागतो आणि तो सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो.

राहिला फुगवलेला दावा. इथे आपल्या सर्व्हेअरांच्याच पंक्तीकडे बोट दाखवणे भाग आहे. अपघात खरा, बंपरही खरोखर फुटलेला. पण एस्टिमेटमध्ये मागचा दरवाजाही येतो. त्या दरवाज्याच्या पोच्यात गंज चढलेला असतो आणि परवाच्या धडकेला गंज चढत नाही. कंपनी घसारा कापणारच, म्हणून आम्ही वाढवून लावतो, असे गॅरेजवाला सांगतो. सर्व्हेअर दरवाजा खोडतो, उरलेली रक्कम मंजुरीला पाठवतो आणि सगळे खूश. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार दावा कोणत्याही अंगाने लबाडीचा ठरला तर त्या पॉलिसीचे सर्व लाभ आणि भरलेला हप्ता जप्त होतो, दिलेले पैसे परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यांवर सामाईक येते. गैरहेतू नव्हता हे दाखवून सुटण्याची वाटही तिथेच ठेवलेली आहे. म्हणजे सगळे बुडण्याची भीती करारात लिहिलेली असते आणि व्यवहारात ती घासाघीस होऊन बसते. काही जण म्हणतील, गंजलेल्या दरवाज्यापायी माणसाला तुरुंगात धाडायचे काय? मुळीच नाही. पण विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमनुसार आपण जो अहवाल लिहितो, त्यात तो दरवाजा फक्त खोडलेला दिसतो. कोणी घातला, कोणत्या गॅरेजच्या एस्टिमेटमध्ये तो यापूर्वी किती वेळा आला, याची नोंद नसते. त्याच गॅरेजचा तिसाव्यांदा खोडलेला दरवाजा हा पुरावा असतो आणि तो आपण दर वेळी रद्दीत टाकतो.

म्हणून दुपारच्या सत्रातील ठरावाच्या मसुद्यात मी दोन दुरुस्त्या सुचवत आहे. दावा नाकारण्याच्या पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द वापरायचा असेल तर कोणता कागद खोटा, तो कोणी तयार केला आणि कशावरून, हे त्याच पत्रात लिहावे. ते लिहिता येत नसेल तर तो शब्द वगळून चुकीच्या माहितीचे कारण द्यावे आणि आयुर्विमा असेल तर हप्ते परत करावेत. आणि ज्या फाईलमध्ये तो शब्द वापरला, ती पोलिसांकडे दिलेल्या फिर्यादीची पोच जोडल्याशिवाय बंद करू नये. क्लेम विभागातले मित्र म्हणतील की असे केले तर निम्म्या पत्रांतून तो शब्द गायबच होईल. होऊ दे. उरलेल्या निम्म्यांत आरोपींची नावे असतील.