उत्क्रांती : घडलेली गोष्ट की नुसता सिद्धान्त ?



आजचा विषय मोठमोठ्या ग्रंथांतला आहे. परंतु मी तो पऱ्हाटीच्या वावरातून सांगणार आहे, कारण मला स्वतःला तो तिथेच कळला. जगातले प्राणी आणि वनस्पती आज दिसतात तशाच एके दिवशी तयार झाल्या नाहीत. जुन्या जीवांपासून पिढ्यान् पिढ्या बदल होत होत नवे जीव झाले. यालाच आपण उत्क्रांती म्हणतो. ही खरोखर घडलेली गोष्ट समजावयाची, की शास्त्रज्ञांनी मांडलेला एक सिद्धान्त समजावयाचा ?

हा प्रश्न माझा नव्हे. आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलीचा आहे. 2018 च्या जूनमध्ये दहावीचे विज्ञानाचे नवे पुस्तक आले. त्याच्या दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता. पाठ अर्धा झाला असेल-नसेल, तोच ती उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, पण हे कोनं पाह्यलं काय ?" वर्ग हसला. मी तिला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि फळ्याकडे वळलो. ते उत्तर आजही मला टोचते.

तिने तसे विचारण्याला कारणही घडले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री श्री. सत्यपाल सिंह औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आले होते. डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, तेव्हा शाळा-महाविद्यालयांतून हे शिकवणे बदलले पाहिजे, अशा अर्थाचे ते बोलले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला, आणि त्यांच्याच खात्याच्या मंत्र्यांनी त्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. मला राजकारणात शिरावयाचे नाही. परंतु तो जानेवारी महिना आपल्या वऱ्हाडात कसा गेला, हे ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना विसरता येणार नाही. जे कोणी कधी पाहिले नाही असे तिकडे सांगितले जात होते, तेच इकडे आमच्या बोंडाबोंडांत बसलेले होते.

थोडे मागे जाऊ. आपला वाशीम जिल्हा आज सोयाबीनचा आणि तुरीचा झाला आहे हे खरे. पण कारंजा-मानोऱ्याकडे अजून पऱ्हाटी उभी असते. हिरव्या बोंडअळीने आम्हांला पार जेरीस आणले होते. फवारे मारून हात दुखत, उधारी वाढे, आणि अळी तशीच राही. अशा वेळी 2002 साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूच्या अंगी अळीला मारणारे विष तयार करण्याचा गुण असतो. तो गुण शास्त्रज्ञांनी कापसाच्या झाडात उतरविला. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की ती मरे. 2006 साली एकाऐवजी दोन विषे असलेले बियाणे आले. खोटे कशाला सांगू, पहिली काही वर्षे फार सुखाची गेली.

त्या बियाण्याच्या पिशवीबरोबर एक लहानसे पाकीट मिळत असे. मोठ्या पिशवीत 450 ग्रॅम बीटी बी आणि त्या पाकिटात 120 ग्रॅम साधे, म्हणजे बिगर-बीटी बी. हे साधे बी शेताच्या कडेने पाच ओळी लावा, अशी सूचना असे. आता सांगा, पैसे देऊन अळी मारण्याचे बियाणे आणावे आणि कडेला मुद्दाम अळीसाठी खाऊ लावावा, हे कोणत्या शेतकऱ्याला पटेल ? शेजारच्या काकांनी मला विचारले होते, "गुरुजी, हे पाकीट कायले देते हो ?" मी म्हटले, "कंपनीचा काहीतरी नियम असेल." त्यांनी ते पाकीट फेकले. मीही फेकले. मी, जो वर्गात उत्क्रांती शिकवीत होतो आणि परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न काढीत होतो !

पुढचे आपणांस ठाऊक आहे. गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नाही, असे गुजरातेत आढळल्याचे 2010 मध्ये जाहीर झाले. काही वर्षांत दुसरे विषही तिच्यापुढे निकामी ठरले. 2017 च्या हंगामात ती विदर्भात अशी पसरली की काही विचारू नका. फुले उमलेनात, त्यांच्या डोमकळ्या झाल्या. बाहेरून बोंड हिरवेगार, टपोरे. फोडून पाहावे तर आत सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली, आणि मधोमध ती गुलाबी बया निवांत बसलेली. वेचणीची मजुरी कापसातून निघेना. पुष्कळांनी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या वडिलांनीही घातला.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे. त्या वेळी आमच्या पारावर जो तो म्हणे, "अळीले सवय झाली." दारूड्याला दारूची होते तशी. ऐकायला बरोबर वाटते. पण ते बरोबर नाही. एकाही अळीला सवय झालेली नव्हती. जी विष खाऊन मरावयाची, ती मेलीच. मग झाले काय ?

बीटी विष अळीच्या आतड्यात ठराविक ठिकाणी जाऊन चिकटते आणि मग तिचा घात करते. लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असते की जन्मतःच तिच्या आतड्यातली ती जागा बिघडलेली असते. विषाला चिकटायला जागाच नाही, मग ते करणार काय ! बीटी येण्यापूर्वी या बिघाडाचा तिला काहीच लाभ नव्हता. बीटी आल्यावर मात्र तिच्या बहिणी मेल्या आणि ती उरली. गुलाबी अळीची पिढी साधारण महिन्याभराची. एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात, एक मादी शंभरावर अंडी घालते. उरलेल्यांची पिल्ले उरलेल्यांसारखी. पिढीमागून पिढी असा निवडा होत गेला, आणि जे लाखांत एक होते ते वावरभर झाले. अळी बदलली नाही. अळ्यांची जात बदलली. हेच डार्विनने 1859 साली आपल्या ग्रंथात सांगितले होते, आणि त्याला नैसर्गिक निवड असे नाव दिले होते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. यात घडलेली गोष्ट कोणती आणि सिद्धान्त कोणता ? 2002 साली जे विष गुलाबी अळीला मारीत होते ते 2017 साली मारीत नव्हते, आणि हा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरतो, ही घडलेली गोष्ट. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत अळ्या आणून, विष खाऊ घालून हे मोजले गेले आहे. ही गोष्ट का आणि कशी घडली हे जो सांगतो, आणि पुढे काय घडेल याचा अंदाज जो देतो, तो सिद्धान्त. झाडावरून आंबा खाली पडतो ही घडलेली गोष्ट. गुरुत्वाकर्षण हा सिद्धान्त. 'तो नुसता सिद्धान्त आहे' असे म्हणून कोणी माडीवरून उडी मारीत नाही.

खरे म्हणजे हा घोटाळा इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजीत 'थिअरी' हा शब्द बोलण्याच्या ओघात 'माझा आपला एक तर्क' अशा अर्थानेही वापरतात. मराठीत तसे नाही. अंदाज, तर्क, अटकळ, कयास हे आपले शब्द वेगळे आहेत, आणि सिद्धान्त वेगळा. सिद्धान्त म्हणजे सिद्ध होऊन ठरलेला निर्णय ! 'नुसता सिद्धान्त' हे म्हणणे 'नुसता शेवटचा निकाल' म्हणण्यासारखे आहे. उलट 'उत्क्रांतिवाद' या शब्दाने मात्र आपले थोडे नुकसान केले आहे. वाद म्हटले की मुलांना वाटते, अजून भांडण मिटलेले नाही. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, नाही असे नाही. बदल किती वेगाने होतो, निवडीचा भाग किती आणि निव्वळ योगायोगाचा किती, यावर ते कडाकडा भांडतात. पण भाऊबंदांत वाटणीचा वाद असतो, तेव्हा वावर आहे की नाही याबद्दल वाद नसतो.

सिद्धान्त उपयोगाला कसा येतो ते त्या पाकिटावरून पाहा. सवय झाली असे मानले तर उपाय काय ? विष वाढवा, औषध बदला. निवड झाली असे मानले तर उपाय अगदी उलटा निघतो : साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या काही प्रमाणात मुद्दाम जगू द्या. त्यांचे पतंग मोठ्या संख्येने राहिले तर विषाला न जुमानणारा एखादा पतंग त्यांच्याशीच जोडी जमवील. विष पचविण्याचा हा गुण बहुधा दोन्हीकडून आला तरच पिल्लात पुरता उतरतो. एकीकडूनच आला तर पिल्लू बीटी खाऊन मरते. शिक्षक बंधुभगिनींना मेंडेलचे वाटाणे इथे आठवतील. कडेच्या पाच ओळी त्यासाठी होत्या.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हीच गुलाबी अळी होती आणि 1996 पासून बीटी कापूस होता. तिथे साध्या कापसाचे पट्टे नेमाने राखले गेले, पुढे प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग विमानातून सोडण्यात आले, आणि 2018 साली त्या देशाने आपल्या कापसाच्या मुलुखातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. आमचे शेत दोन एकरांचे, त्यांचे शेकडो एकरांचे, सरकारी देखरेख वेगळी, हे सगळे मान्य. तरी ते 120 ग्रॅमचे पाकीट मला आठवतेच.

हे ऐकून कोणी चतुर श्रोता म्हणेल, "ते ठीक आहे हो, पण अळीची अळीच राहिली ना ? तिची काही चिमणी झाली नाही !" आक्षेप रास्त आहे. पंधरा वर्षांत एवढाच बदल व्हावयाचा. मोठ्या बदलाला मोठा काळ लागतो आणि त्याची साक्ष खडकात असते. जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या खडकांतून श्री. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जमविलेल्या दगडांत मांजराएवढ्या, खुरांच्या एका प्राण्याची हाडे निघाली. तो सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा. 2007 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या कानासारखे, आणि पायांची हाडे पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखी जड. कच्छच्या खडकांत तर पाय असलेले देवमासेच सापडले आहेत. म्हणजे जमिनीवरचा प्राणी पाण्यात कसा गेला, याच्या मधल्या पायऱ्या आपल्याच देशात पडलेल्या आहेत.

आणि सिद्धान्तात चूक निघाली तर ? निघते, आणि दुरुस्तही होते. याचे उदाहरण आपल्या विदर्भातले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे डायनोसॉर या राक्षसी प्राण्यांची हाडे आणि त्यांचे दगड झालेले शेण सापडते. हो, शेणच. गवत डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर पसरले, अशी पूर्वी शास्त्रज्ञांची समजूत होती. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे ते शेण तपासले, तेव्हा त्यात गवताच्या पात्यांतले गारेचे बारीक कण निघाले. त्यांपैकी काही तर भाताच्या आप्तांचे. 2005 साली हे प्रसिद्ध झाले आणि गवताचा इतिहास मागे, साडेसहा कोटी वर्षांपलीकडे, सरकला. पुस्तकातली तारीख बदलली. गवत कोणापासून तरी उत्पन्न झाले हे काही बदलले नाही. गुरे राखणाऱ्या माणसाला शेणावरून जनावराने काय खाल्ले ते कळते, तसेच हे. वर्गात हे सांगा, मुले डोळे मोठे करून ऐकतात.

माकडाबद्दलही एक वाक्य बोलून टाकतो. आजच्या माकडाचा माणूस झाला असे डार्विनने म्हटलेच नाही. माझा चुलतभाऊ माझा बाप नव्हे. आमचा आजा एक. आजा कोणी पाहिला नसला तरी वंशावळ लागते.

2018 च्या त्या वर्गात मी हे सगळे बोलायला हवे होते. निदान एवढे तरी म्हणावयाचे होते की, बाई, कोणी पाहिले म्हणून काय विचारतेस, तुझ्या वडिलांनी पाहिले आहे. पुढे दिवाळीच्या सुटीत मी तिच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसून हे तिला आणि तिच्या वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे आता पाच ओळी लावल्या तर जमते काय ?"

मला खरे सांगावे लागले. न जुमानणारी अळीच आता सगळीकडे झाली आहे. पाच ओळींची वेळ निघून गेली. आता तिची उपासमार करणे, हा मार्ग उरला आहे. मे महिन्यात लावणी करावयाची नाही, म्हणजे आधी निघालेले पतंग अन्नावाचून मरतात. कमी दिवसांचे वाण घ्यावयाचे. जुलै-ऑगस्टपासून कामगंध सापळे लावून पतंग मोजावयाचे. आणि फरदड ठेवावयाची नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून वावर मोकळे करावयाचे, नाही तर अळी त्यांतच सुप्त पडून राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याच दारी येते.

"फरदडीत चार पैसे भेटते, गुरुजी," ते म्हणाले. ते खोटे नव्हते. मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, ते अळीलेबी भेटते."

त्या वर्षी नाताळाच्या सुमारास मी त्यांच्या बांधावरून जात होतो. अर्ध्या वावरातली पऱ्हाटी उपटून झाली होती. अर्धी उभी होती, आणि तिला पाणी सोडलेले होते.