किरणोपचारांतील नेम

कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यास बहुधा एक शंका येते: गांठ नष्ट करावयाची, तर ती एकदांच कां करीत नाहींत? आठवडेच्या आठवडे खेटे कां घालावयास लावतात? याचें उत्तर ज्याला उमगलें, तो उपचार सहसा मध्येंच सोडीत नाहीं.

रंटगेननें १८९५ सालीं क्ष-किरण शोधले. प्रारंभीं पुष्कळ ठिकाणीं मोठी मात्रा एकदम देत. त्यानें निरोगी त्वचाही जळे. १९२० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें रगो व कुतार यांनीं मात्रा विभागून देण्याची पद्धति पुढें आणिली. तिचें मर्म असें: किरणांचा घाव निरोगी पेशी कांहीं तासांत बऱ्याच अंशीं भरून काढतात; कर्कपेशींस तें तितकेंसें साधत नाहीं. म्हणून पुष्कळ रोग्यांस रोज सुमारें २ ग्रे इतकी मात्रा, आठवड्यांतून ५ दिवस, असा क्रम ठरवून देतात. त्यांत खंड पडला, कीं उरलेल्या कर्कपेशी पुन्हां वाढूं लागतात.

त्वचा काळवंडली, घसा सोलवटला, तर डॉक्टरांस तत्काळ सांगावें. परस्पर घरीं बसूं नये. बाहेरून किरण देणारें यंत्र थांबलें, कीं अंगांत किरण उरत नाहींत. लेकरांस निःशंकपणें जवळ घ्यावें.

यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाच्या शिक्षणांत हें सारें सोप्या शब्दांत सांगण्याची विद्याही आलीच पाहिजे. कारण रोग्याला रोज भेटतो, तो तोच.