शहराचा कारभार आणि आपण रहिवासी

(प्रार्थनालयाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



नगरपालिका आणि नागरिक या विषयावर मी बोलावे, अशी मंडळाची इच्छा आहे. नगरपालिकेच्या अभियांत्रिकी खात्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून ही निवड झाली असावी. विषय रूक्ष वाटेल. परंतु आपल्या दारापुढचा दिवा, बसथांबा, नातवंडांचे बालवाडीचे आवार, संकटकाळी आपण धाव घेतो तो सार्वजनिक मिक्लात, आणि आज राहतो ते घर उद्या उभे राहणार की पाडले जाणार, हे सारे याच विषयात येते.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. नगरवासी एकमेकांवर कोणते बंधन घालू शकतात, याची चर्चा मिश्नेच्या बावा बात्रा या भागात आहे. नगराचा तट आणि वेशीचे दरवाजे उभारण्याच्या खर्चात प्रत्येक रहिवाशाला वाटा उचलावा लागतो. मग रहिवासी कोणाला म्हणावे? बारा महिने तेथे राहिला त्याला. पण ज्याने तेथे घर विकत घेतले, तो त्याच दिवसापासून रहिवासी ठरतो. दुसरा दाखला ताल्मूदातील बेराखोत या भागातला. जमातीला विचारल्याखेरीज तिच्यावर कोणी प्रमुख नेमू नये, असे तेथे सांगितले आहे. प्रत्यक्ष ईश्वराने निवडलेल्या बेझालेलविषयीसुद्धा आधी मोशेला आणि मग लोकांना विचारण्यात आले. हे दोन दाखले शेजारी ठेवले की अर्थ स्पष्ट होतो. ज्याच्याकडून खर्चाचा वाटा घ्यायचा, त्याला कारभारात विचारायचेही. आर्नोना भरणारा मनुष्य नगरपालिकेचा निव्वळ गिऱ्हाईक नव्हे; तो भागीदार आहे.

आता नगरपालिकेने विचारायचे कसे? ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ मध्ये एक मार्ग काढला. शहराच्या अंदाजपत्रकातील नव्या कामांचा पैसा कोठे खर्च करावा, हे वस्तीवस्तीच्या सभांत रहिवाशांनी ठरवायचे, त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी कामांचा क्रम लावायचा आणि पुढील वर्षी आधीच्या कामांचा हिशेब सभेपुढे मांडायचा. १९८८ मध्ये त्या शहरातील सुमारे ७५ टक्के घरांना पाणी व सांडपाण्याची जोडणी होती. १९९७ पर्यंत हे प्रमाण सुमारे ९८ टक्क्यांवर गेले. गरीब वस्त्यांनी पहिली मागणी गटारांची आणि पाण्याची केली, कारण त्यांच्या अडचणी त्यांनाच ठाऊक होत्या.

हीच कल्पना आपल्या ओळखीच्या शहरातही पोहोचली. आपल्यापैकी काहींचे नातलग पुण्याच्या रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो सिनेगॉगशी संबंधित आहेत. त्या पुण्याच्या महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकापूर्वी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवण्यास प्रारंभ केला. पदपथ, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी वस्तीतील छोटी कामे त्यात येतात. मात्र अर्ज भरून घेतला आणि पुढे काय झाले ते कोणी कळवले नाही, तर दुसऱ्या वर्षी कोणी अर्ज करत नाही, हे कोठल्याही शहरास लागू आहे. माझ्या मते विचारणा खरी ठरण्यास तीन गोष्टी हव्यात. ती निर्णयाच्या आधी व्हावी, तिच्यामागे ठरावीक पैसा असावा आणि तिचे उत्तर विचारलेल्या माणसापर्यंत परत यावे.

रहिवाशांना तांत्रिक गोष्टी समजत नाहीत, असे कार्यालयांतून नेहमी ऐकू येते. एका वसाहतीच्या बागेचा नकाशा आम्ही तेथील लोकांना दाखवत होतो. बाके एका सरळ रेषेत, पाहण्यास सुंदर होती. एका आजींनी विचारले, “उन्हाळ्यात दुपारी चारला येथे सावली कोणत्या बाजूस पडते, ते पाहिले आहे काय?” बाके पलीकडे, झाडांखाली गेली. खर्च एका शेकेलनेही वाढला नाही, आणि ती बाके आज रिकामी नसतात. त्या आजींना नकाशा वाचता येत नव्हता, पण ती जागा त्या तीस वर्षे पाहत होत्या.

या देशात रहिवाशाच्या हाती काय आहे, ते पाहू. १९७८ पासून नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडला जातो. या निवडणुकीत सतराव्या वर्षी मत देता येते, आणि नागरिकत्व नसलेल्या कायम रहिवाशालाही हा अधिकार आहे. नगरपरिषदेच्या सभेस कोणासही बसता येते. १९९८ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याने कागदपत्रे मागता येतात. १०६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणि १९६५ च्या नियोजन व बांधकाम कायद्यानुसार एखादा आराखडा जाहीर झाल्यावर साठ दिवसांत हरकत घेता येते.

हे साठ दिवस आपण विसरू नयेत, असे मी कळकळीने सांगतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे जुन्या शिकुनांत राहतात. तीन-चार मजले, लिफ्ट नाही, ममाद नाही. अशा इमारती पाडून तेथे उंच मनोरे बांधण्याच्या पिनुई-बिनुई योजना सर्वत्र येत आहेत. त्यांत लाभ निश्चित आहे. सुरक्षित खोली आणि लिफ्ट ही वृद्धांची खरी गरज आहे. परंतु घराचे क्षेत्रफळ वाढले की आर्नोना वाढतो. मनोऱ्याच्या लिफ्ट, पंप आणि देखभालीचा खर्च जुन्या वाद बायितच्या वर्गणीहून कितीतरी अधिक असतो. बितुआख लेउमीच्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या विधवेला नवे घर मिळेल. त्यात राहणे तिला परवडेल काय? वृद्धांसाठी कायद्यात निराळे पर्याय आहेत, पण ते मागावे लागतात. देखभाल निधी, लहान घराचा पर्याय, शेजाऱ्यांचे एकत्र स्थलांतर, या अटी आराखडा मंजूर होण्यापूर्वीच घालता येतात. यंत्रे आल्यावर केलेल्या विनंतीस कोणी दाद देत नाही.

आणि ती सूचना येते कशी? वर्तमानपत्रातील लहान अक्षरांत आणि खांबावरील फलकावर, कायद्याच्या हिब्रूत. ज्या आजोबांनी सारे आयुष्य कारखान्यात काढले आणि घरी मराठीच बोलले, त्यांना ती वाचता येईल काय? म्हणून नगरपालिकेकडे आपली मागणी असावी की, अशा योजनेची माहिती रहिवाशांच्या भाषेत, संध्याकाळच्या वेळी, त्यांच्याच आवारात द्यावी. रशियन आणि अम्हारिक भाषकांप्रमाणे मराठी भाषक वृद्धांसाठीही दुभाषा असावा. ही सवलत नव्हे. न समजलेल्या कागदावर घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही.

आपल्या समाजाला हे जमणार नाही, असे मी मानत नाही. मुंबईतील डॉक्टर ई. मोझेस मार्ग आपणांस ठाऊक आहे, डॉ. एलिजा मोझेस हे १९३७-३८ मध्ये त्या शहराचे महापौर होते. कोकणातील आपल्या जमातीत मुकादम, चौगुला आणि गब्बाई होते, आणि जमातीचा व्यवहार चारचौघांत चाले. या देशातही आपले यहुदीपण पूर्ण मानले जावे म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेमात धरणे धरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने त्यांच्या बाजूने ठराव केला. एवढ्या मोठ्या प्रश्नावर ज्यांनी माघार घेतली नाही, त्यांच्या मुलानातवंडांनी जिन्याच्या आणि बसथांब्याच्या प्रश्नावर गप्प बसावे, हे शोभत नाही.

मंडळाने विचार करावा अशा तीन सूचना करतो. महिन्यातून एक संध्याकाळ तरुणांनी याच सभागृहात बसून नगरपालिकेच्या सूचना, आर्नोनाची पत्रे आणि सवलतींचे अर्ज वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून द्यावेत. नगरपरिषदेच्या प्रत्येक सभेस आपल्यापैकी दोघांनी, पाळीपाळीने, हजर राहावे आणि वृत्तान्त या पत्रिकेत द्यावा. १०६ वर केलेल्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व तारीख एका वहीत नोंदवावी, म्हणजे वर्षअखेरीस नगराध्यक्षांपुढे गाऱ्हाणे नव्हे, तर हिशेब ठेवता येईल.

वही मी सोबत आणली आहे. चहापानाच्या वेळी ती कार्यालयातील मेजावर असेल. आपापल्या जिन्याचा, रस्त्याचा प्रश्न तीत लिहावा. आणि ज्यांच्या इमारतीवर योजनेचा फलक लागला आहे, त्यांनी फलकावरील तारीख आठवणीने नोंदवावी. त्या घरांपासून आपण आरंभ करू.