वही कुणाला दाखवायची?



गेल्या पावसाळ्यात आमच्या जव्हार-मोखाडा भागात एक काव्यकार्यशाळा झाली. एका साहित्यसंस्थेनं एका महाविद्यालयाच्या सहकार्यानं ती भरवली होती. फलकावर दोघांची नावं ठळक होती. समोर शंभरेक मुलंमुली बसलेली. कुणी वारली, कुणी कोकणा, कुणी ठाकूर, कातकरी वा महादेव कोळी घरातली. कितीतरी जण पाड्यावरून चिखल तुडवत आलेले. पहिला तास स्वागत-सत्कारात गेला. मग आम्हा चार कवींनी कविता वाचल्या. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रं वाटली, छायाचित्र निघालं. मीही त्या मंचावर होतो आणि समाधानानं घरी परतलो. तेव्हा आज जी तक्रार करणार आहे, ती आधी माझ्याविरुद्धच आहे.

दिवाळीनंतर एसटी स्टँडवर त्यातली एक मुलगी भेटली. आईबापांना आणि धाकट्या भावंडांना गाडीत बसवून द्यायला आली होती. आमच्याकडे भाताची कापणी-झोडणी उरकली की माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. त्याला इथं 'जगायला जाणं' म्हणतात. ही शिक्षणासाठी मागं राहिली होती. मी सहज विचारलं, "लिहितेस का गं काही?"

"लिहिते ना सर. पण दाखवायचं कुणाला?"

"अगं, मग कार्यशाळेत का नाही दाखवलंस?"

ती म्हणाली, "तिथं कुणी वही मागितलीच नाही."

गाडी सुटली. ती हात हलवत राहिली. मी मात्र तिच्या वाक्यापाशीच उभा होतो.

श्रोतेहो, साहित्यिकांच्या संस्था काय, डॉक्टर-वकिलांच्या संघटना काय, सगळ्यांची एक चिंता असते. सभासदांचे केस पिकत चाललेत, नवी माणसं येत नाहीत. मग महाविद्यालयांशी हातमिळवणी होते. हेतू चांगलाच असतो. पण पुष्कळदा संस्थेला मिळतात श्रोते, महाविद्यालयाला मिळतो अहवाल आणि विद्यार्थ्याच्या हाती उरतो एक जाड कागद. सहकार्य दोन संस्थांचं होतं. ज्याच्यासाठी ते करायचं, तोच बाहेर राहतो.

मला हे आधीच कळायला हवं होतं. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी बी.ए.ला होतो. आमच्या प्राध्यापकांनी चिठ्ठी देऊन मला पाठवलं. तिथं मला कुणी खुर्चीत बसू दिलं नाही. नोंदणीच्या टेबलावर नावं लिहायला बसवलं. रात्री एका ज्येष्ठ कवींनी विचारलं, "काय रे पोरा, तूही लिहितोस म्हणे?" आणि माझी वही मागून घेतली. सकाळी परत दिली, तेव्हा निम्म्या ओळींवर काट मारलेली होती. त्या काट मारलेल्या ओळींनीच मला कवी केलं. नवख्या माणसाला आधी काम द्यावं आणि मग त्याचं काम वाचावं. एवढी साधी गोष्ट मी मंचावर बसू लागल्यावर विसरलो.

याचा उत्तम धडा आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षणाचं काम करणाऱ्यांची ही संघटना. १९४५ मध्ये एका शिबिरात ताराबाईंची भेट अनुताई वाघ नावाच्या शिक्षिकेशी झाली. शिबिर संपलं, पण संबंध संपला नाही. अनुताई थेट बोर्डीला कामालाच आल्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात गेली. ती कुरणशाळा. शिबिरातल्या एका ओळखीतून पाव शतकाहून अधिक काळाची सोबत उभी राहिली.

मोखाड्याचंही उदाहरण आहे. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयानं २००६ मध्ये इथं 'आरोहन' हा प्रकल्प सुरू केला. कुपोषण, पाणी, शिक्षण हे त्याचे विषय. वर्गात शिकलेलं समाजकार्य पाड्यावर तपासून पाहण्याची ही जागा. पुढं ती स्वतंत्र संस्था झाली. समारंभ करून निघून गेले असते, तर हे घडलं नसतं.

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी बसायचं ठरवलं, कारण त्या दिवशी पाड्यावरून माणसं तशीही येतात. हार नाही, फलक नाही. तेवढ्या पैशांत मुलांचं एसटीचं भाडं निघतं. पुढच्या बैठकीची तारीख ठरल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आणि पहिली अट अशी, की मोठ्यांनी आपली कविता वाचायची नाही, आधी मुलांच्या वह्या वाचायच्या.

पहिल्या खेपेस सहा वह्या आल्या. त्यात त्या मुलीची होती. कविता तिच्या घरच्या बोलीत होत्या. आम्ही पूर्वी अशा मुलांना 'प्रमाण मराठीत लिहून आणा' म्हणत असू. या वेळी मीच पेन्सिल घेऊन बसलो आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ तिला विचारत गेलो. एका कवितेत बंद घराच्या दाराशी वाट पाहणारी कोंबडी होती. घरची माणसं जगायला गेलेली. ती कविता वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मी दोन ओळींखाली रेघ मारली आणि म्हटलं, "या पुन्हा लिहून आण."

ती हसली. "पुढच्या बाजाराला आणते, सर."

पुढच्या महिन्यात नव्हे, पुढच्याच बाजाराला. आता आम्हालाही आठवड्याला बसावं लागणार, असं दिसतंय.