झाडलेल्या घरात वस्ती



ईश्वरविज्ञान आणि समुपदेशनाची पदवी घेऊन तुम्ही आता अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत कामाला लागाल. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या दारूपायी टेकीस आलेली बाई तिथे तुमचं दार ठोठावेल, हे गृहीत धरूनच जा. मंडळीकडे त्यावर एक ठरलेली रीत आहे: प्रार्थनासभा, डोक्यावर हात, अश्रू, शपथ आणि पुढच्या रविवारी साक्ष. त्या रात्रीचा पश्चात्ताप बहुतेक वेळा खरा असतो, त्याला मी कमी लेखणार नाही. पण शपथेनं घर फक्त झाडून निघतं. निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं पाहतो आणि आणखी सात सोबती घेऊन आत शिरतो, हा येशूचा दाखला तुम्हाला मत्तयाच्या बाराव्या अध्यायातून पाठ आहे. व्यसनमुक्तीबद्दल याहून नेमकं निदान मला कुठे सापडलेलं नाही. दारू सुटल्यावर माणसाची संध्याकाळ रिकामी होते, आणि ती भरायला कित्येक वर्षं लागतात. आज मला जे सांगायचं आहे ते एवढ्याच कामाबद्दल.

झाडणं म्हटलं की वऱ्हाडात गाडगेबाबा आठवणारच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूचे, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचे, वडील दारूपायीच गेले. पुढे बाबांनी आयुष्यभर लोकांना दारूपासून परावृत्त केलं, पण त्यांची पद्धत बारकाईनं पाहा. दिवसा ते गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचे. कीर्तनातही स्वतः निवाडा न देता प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. साफ झालेली जागा ओस ठेवली तर उकिरडा परत तिथेच होतो, हे त्यांनी कुठलीही पदवी न घेता ओळखलं होतं. ख्रिस्ती सेवकानं हे त्यांच्याकडून शिकण्यात काहीच कमीपणा नाही.

हाच अनुभव सातासमुद्रापलीकडेही आला. अमेरिकेतल्या अॅक्रन गावी १९३५ मध्ये दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिची घडण ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतून आली: स्वतःची झडती घेणं, विश्वासाच्या माणसापाशी दोष कबूल करणं, केलेलं नुकसान भरून देणं आणि दुसऱ्या पिणाऱ्याच्या मदतीला जाणं. पुढे तिनं कोणत्याही एका धर्माचा आग्रह सोडला, पण या चार सवयी ठेवल्या. कॉक्रेन संस्थेनं २०२० मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांवर सहभागी तपासून पाहिले. वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण या वाटेवर सुमारे ४२ टक्के होतं, तर विचार-वर्तन बदलणाऱ्या मानसोपचारात ३५. या आकड्यांचा उत्सव करण्याआधी शंभरातल्या उरलेल्या ५८ जणांकडे बघा. चांगल्यात चांगल्या वाटेवरही निम्म्याहून अधिक माणसं वर्षाच्या आत कधीतरी घसरतात. म्हणून महिन्याभरापूर्वी सुटलेल्या माणसाला साक्षीसाठी व्यासपीठावर चढवू नका. टाळ्यांनी तो फुगतो, आणि घसरला की लाजेपायी चर्चची पायरी चढत नाही. नेमकी गरज असते तेव्हाच मंडळी त्याच्या हातून सुटते. बंद दाराआड, मंडळीतल्या एका वडिलांपाशी दर आठवड्याला केलेली कबुली त्या साक्षीहून कितीतरी मोलाची आहे.

कोणी म्हणेल, व्यसन हा तर आजार आहे, यात अध्यात्म कशाला? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. रोज पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी त्याला अमरावतीत इर्विन रुग्णालयात, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात न नेता नुसती उपास-प्रार्थना करत बसणं हा अपराध आहे. पण औषधानं शरीर सावरल्यावर तो घरी येतो, आणि मग कापसाचा चुकारा हातात पडतो, लग्नसराई येते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर येते. जुने सोबती तेच, पारही तोच. त्या संध्याकाळी कुठे जायचं, याचं उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नसतं. मंडळीनं ते द्यायचं: त्या दिवशी मंडळीतल्या दोघांनी त्याच्यासोबत राहावं, चुकारा त्याच्याच संमतीनं बायकोच्या खात्यात जावा, आणि गायनमंडळाचा सराव नेमका त्याच वेळी असावा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. खचलेल्या माणसाला मदतीच्या नावाखाली धर्माकडे ओढता, असं लोक म्हणतात, आणि ही शंका रागावून झटकता येणार नाही. अडचणीतल्या माणसाचा होकार मोकळा नसतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा मेळावा मांडला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही त्यात जागा ठेवली. तुमच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीचं दार तसंच असू द्या. येणारा हिंदू, बौद्ध, मुसलमान जसा आला तसाच बरा होऊन घरी गेला, तर ख्रिस्ताची सेवा पुरी झाली, असं मी मानतो. विश्वासाबद्दल तो कधी स्वतःहून विचारेल तेव्हा बोला, तेही तो पायावर उभा राहिल्यावर.

आणि घसरलेल्याचं काय? शिष्य पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, आणि पुनरुत्थानानंतर येशूनं त्याला तीनदा प्रश्न विचारून पुन्हा कामाला लावलं. मधल्या काळात इतर शिष्यांनी त्याला बाहेर काढलेलं नव्हतं. घसरलेल्याला असं सांभाळताना मंडळीची कसोटी बारीक गोष्टींत लागते. प्रभुभोजनाच्या प्याल्यात मद्य असेल तर सरळ साधा द्राक्षरस ठेवा. कॅथलिक बांधव एकट्या भाकरीच्या रूपातला ख्रिस्तप्रसादही पूर्णच मानतात. एका घोटानं काय होतं, हा वाद सुटू पाहणाऱ्याच्या जिवावर घालू नका.

शेवटी त्या दार ठोठावणाऱ्या बाईबद्दल. जकातदार जक्कयानं येशूपुढे कबुली दिली तेव्हा चौपट परतफेडही कबूल केली. मोडलेली पोत, थकलेली फी, पोरांदेखत केलेली मारहाण यांचा हिशेब सुटलेल्या नवऱ्यानं तिच्यासमोर मांडायला हवा, आणि फेडता येईल तेवढं फेडायला हवं. तिचा विश्वास परत यायला त्याच्या सुटण्याहून जास्त काळ लागेल. कदाचित तो येणारही नाही. प्रभूनं क्षमा केली, आता तूही कर, असं म्हणून तिला घाई करण्याचा अधिकार आजच्या पदवीनं तुम्हाला मिळालेला नाही.