फसलेल्याचा अपराध

इंटरनेटवरून फसवला गेलेला माणूस तक्रार घेऊन बँकेत किंवा पोलीस ठाण्यात गेला, म्हणजे त्याला बहुधा पहिला प्रश्न येतो तो असा: ‘अहो, पण तुम्ही सांगितलेतच कसे?’ विचारणारा दुष्ट असतो असे नव्हे. गुन्हेगार दूर असतो, कित्येकदा परमुलुखात असतो; समोर सापडतो तो तक्रारदारच.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. 1860 च्या दंडसंहितेचे कलम 415 घ्या किंवा आजच्या भारतीय न्याय संहितेचे कलम 318 घ्या. फसलेला माणूस आपली वस्तू आपल्याच हाताने देतो, हे ठकवणुकीच्या व्याख्येत धरलेलेच आहे. मग ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ हे वाक्य त्याच्याविरुद्धचा पुरावा कसे ठरावे?

बँकेच्या कागदावर हाच आरोप ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ या दोन शब्दांत उतरतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. पण ग्राहकाने आपला गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, असेही त्यात होते. खिडकीपलीकडच्या माणसाला ही दुसरी तरतूद तेवढी तोंडपाठ असते.

सप्टेंबर 2025 मध्ये हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्यास सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून, ‘डिजिटल अटके’च्या धाकाने एक कोटीहून अधिक रुपयांस लुबाडण्यात आले. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे खरे. परंतु येथे लोभाचा लवलेश नव्हता. सरकारी शिक्का दिसताच मान तुकवावी, हे आपल्याकडे माणूस जन्मभर शिकतो. तेच या दोघांनी केले. (हे शिक्षण कचेऱ्यांनीच दिलेले आहे, याचा कचेऱ्यांना विसर पडतो.) त्यांच्या पत्रावरून न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2025 रोजी आपण होऊन दखल घेतली. बहुतेकांचे पत्र इतक्या वर पोहोचत नाही.

लुबाडलेला पैसा काही तासांतच भाड्याच्या खात्यांमधून फिरून दिसेनासा होतो; म्हणून 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवणे अगत्याचे. पण ‘एवढे शिकलेले असून?’ हे शब्द ज्याच्या कानांत आधीच घुमू लागतात, तो दार लावून बसतो. मुलालाही सांगत नाही. एक दिवस जातो, दुसरा जातो. तिसऱ्या दिवशी तो ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा त्याला विचारण्यात येते, ‘इतका उशीर का केलात?’